‘आई’ ही हाक घाबरून मारलेली नसल्याबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता महोदय,
वैद्यकीय महाविद्यालय व संलग्न रुग्णालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

अर्जदार : अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, राहणार कपडे धुलाई विभागामागील कर्मचारी वसाहत.

विषय : स्त्री वॉर्डात मारलेली ‘आई’ ही हाक भीतीपोटी नसून कामासाठी होती, हे दप्तरी नोंदवून अर्जदारास येत्या सोमवारच्या प्रात्यक्षिक परीक्षेस बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) मेडिसिन विभागप्रमुखांचा शेरा. २) वंचित विद्यार्थी सक्षमीकरण समितीचे इतिवृत्त. ३) अर्जदाराचे याच विषयावरील आधीचे अर्ज, जे आपल्याच कार्यालयात आहेत, पण सापडत नाहीत.

महोदय,

१. सविनय निवेदन असे की, अर्जदाराचा मागचा अर्ज आपल्या आवक लिपिकांनी हातोहात परत केला. त्यात ‘मी’ हा शब्द फार वेळा आला आहे आणि वंचित पार्श्वभूमीच्या मुलीच्या तोंडी तो बरा दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ‘अर्जदार’ असे लिहिले की नम्रता आपोआप येते, हेही त्यांनीच शिकवले. सबब या अर्जात अर्जदाराचा ‘मी’ कोठेही नाही. जी आहे ती अर्जदार आहे. तिला नम्रतेचा आता कंटाळा आला आहे, तरी ती प्रयत्न करीत आहे.

२. प्रकरण समजण्यासाठी आधी थोडे नातेगोते सांगणे भाग आहे. आपल्या रुग्णालयात वॉर्ड पुसणाऱ्या, भांडे देणाऱ्या, रुग्णांची कूस बदलणाऱ्या बाईला सगळे ‘मावशी’ म्हणतात. स्त्री वॉर्डातल्या मावशी या अर्जदाराच्या जन्माआधीपासून तेथे आहेत. विभागप्रमुख त्यांना मावशी म्हणतात, सिस्टर म्हणतात, रुग्ण म्हणतात, आणि भेटीची वेळ संपल्यावर ज्यांना त्यांनी दंडाला धरून बाहेर काढले ते नातेवाईकही मनात काहीही म्हणोत, तोंडाने मावशीच म्हणतात. महोदय, आपणही म्हणता. या मावशी म्हणजे अर्जदाराची आई. आता आईच्या बहिणीला मावशी म्हणतात, हे तर सर्वांना ठाऊक आहे. त्या हिशेबाने विभागप्रमुख अर्जदाराचे मावसभाऊ लागतात. आपणही लागता. या नात्याचा कोणताही गैरफायदा अर्जदाराने आजवर घेतलेला नाही, याची नोंद व्हावी.

३. अख्ख्या रुग्णालयाची मावशी असलेल्या बाईला घरी एखादी मुलगी असू शकते, हे आजवर कोणाच्या डोक्यात आले नाही. सिस्टरांना ठाऊक होते, पण त्यांना कोणी विचारले नाही. अर्जदारानेही सांगितले नाही, कारण तसा हुकूम होता. अर्जदार पहिल्यांदा वॉर्डात शिकायला जाऊ लागली, त्या सकाळी तिच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करता करता आईने सांगितले, “हे बघ, वॉर्डात मला आई म्हणायचं नाही. डॉक्टर होणाऱ्या पोरीची आई बादली घेऊन मागनं फिरते हे एकदा दिसलं, की लोक पोरीकडे बघायचं सोडतात आणि बादलीकडे बघत बसतात. सगळ्यांसारखं मावशी म्हण.” अर्जदाराने हुकूम पाळला. पोटच्या पोरीने आईला मावशी म्हणायचे, तेही अहोजाहो करून, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. पहिल्या दिवशी “मावशी, जरा सरकता का?” असे अर्जदाराने म्हटले. आई मात्र खुशाल “हो डॉक्टर” म्हणून सरकली आणि घरी येऊन पोट धरधरून हसली.

४. आता मूळ प्रसंग. राउंड चालू होता. खिडकीजवळच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या एक आजी होत्या. त्यांचे पोट फुगलेले होते, आणि विभागप्रमुख अर्जदारास यकृत वाढण्याची कारणे विचारत होते. अर्जदार कारणे सांगत असताना आजींना एकाएकी रक्ताची उलटी झाली. थोडीथोडकी नव्हे. अर्जदाराने आजींना कुशीवर वळवले, श्वास मोकळा राहावा म्हणून डोके धरले आणि हाक मारली. हाक दोन शब्दांची होती : “आई, ट्रे!” इतक्या दिवसांचा सराव त्या क्षणी कोठे गेला, हे अर्जदारास सांगता येणार नाही. हात कामात होते आणि तोंडाने जे खरे होते ते म्हटले. आई हातातला फडका टाकून ट्रे घेऊन धावत आली, पाठोपाठ सिस्टर आल्या, सलाईन लागले, पुढचे उपचार झाले. आजी वाचल्या. महिनाभराने चालत घरी गेल्या आणि जाताना अर्जदाराच्या कोटाचे सुटलेले बटण लावून गेल्या.

५. विभागप्रमुखांनी मात्र दोनपैकी एकच शब्द ऐकला. त्यांचा दोष नाही. त्या वेळी ते नव्या बुटांसह इतके मागे सरकले होते की ‘ट्रे’ तेथवर पोचला नसावा. त्यांनी शेरा लिहिला तो असा : “आणीबाणीच्या प्रसंगी विद्यार्थिनी घाबरून आईचा धावा करते. पार्श्वभूमी पाहता सहानुभूतीने विचार व्हावा. तूर्त परीक्षेस बसवू नये.” महोदय, ‘ध’ चा ‘मा’ झाल्याचे अर्जदार ऐकून होती, येथे तर ‘ट्रे’ चा पार पत्ताच नाही. आणि सहानुभूती असताना परीक्षेस बसू देत नाहीत, तर ती नसताना काय केले असते, या विचाराने अर्जदाराची झोप उडाली आहे.

६. त्याच प्रसंगी अर्जदाराच्या शेजारी उभे असलेले एक सहाध्यायी, जे विभागप्रमुखांच्या स्नेह्यांचे चिरंजीव आहेत, ते “ओ माय गॉड” असे म्हणून स्टुलावर बसले आणि स्टुलासकट आडवे झाले. त्यांच्याबद्दल शेरा आहे : “प्रसंगाचे गांभीर्य ओळखले.” चिरंजीवांबद्दल अर्जदाराची तक्रार नाही, मुलगा स्वभावाने चांगला आहे आणि त्याने नंतर येऊन माफीही मागितली. परंतु इंग्रजीत घाबरल्यास ते घाबरणे धरायचे नाही, असा नियम असल्यास तो सूचनाफलकावर लावावा. म्हणजे आमच्यासारख्यांनाही वेळेवर सराव करता येईल.

७. शेऱ्यामुळे अर्जदार वंचित विद्यार्थी सक्षमीकरण समितीपुढे गेली. आगीतून फुफाट्यात जाणे म्हणजे काय, ते तेथे कळले. समितीने अत्यंत मायेने विचारले की घरी अभ्यासाला टेबल आहे काय, घरात भांडणे होतात काय, आणि गावाची आठवण येते काय. अर्जदाराला गाव नाही. ती याच रुग्णालयाच्या बाळंतपणाच्या खोलीत जन्मली आणि धुलाई विभागाच्या वाफेत वाढली. तरीही समितीच्या समाधानासाठी ‘कधीकधी येते’ असे उत्तर द्यावे लागले. नंतर अर्जदारास काट्याचमच्याने कसे खावे, हस्तांदोलन किती घट्ट करावे आणि वरिष्ठांच्या डोळ्यांत किती वेळ पाहावे, याची कार्यशाळा देण्यात आली. ही कार्यशाळा वॉर्डाच्या वेळेत असल्याने तेवढ्या दिवसांची वॉर्डातली हजेरी कापली गेली. भीक नको, पण कुत्रा आवर, असे म्हणण्याची वेळ आली होती. पण तसे म्हणणे कार्यशाळेत शिकवलेल्या शिष्टाचारात बसत नव्हते.

८. समितीच्या समुपदेशकांनी निदान केले की अर्जदार आईवर अति अवलंबून आहे. उपाय म्हणून रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी एकटी पुरेशी आहे’ असे मोठ्याने म्हणायला सांगितले. (परिच्छेद १ मध्ये ज्याला बंदी आहे तो ‘मी’ या अर्जात अर्जदाराच्या तोंडी एवढाच, आणि तोही समुपदेशकांचा.) अर्जदाराच्या घरी आरसा एकच आहे आणि सकाळी त्याच्यासमोर आई वेणी घालत असते. तिच्या खांद्यावरून डोकावून अर्जदाराने वाक्य म्हटले. आई म्हणाली, “एकटी पुरेशी आहेस ना? मग ती भांडी घास.” याशिवाय आईपासून महिनाभर अंतर ठेवावे, असाही सल्ला होता. घर एका खोलीचे आहे. शेगडीजवळून उठून दारात बसले की सगळे अंतर संपते. तेथे बसून अर्जदाराने दोन दिवस अभ्यास केला. तिसऱ्या दिवशी आईने विचारले की दारात का बसतेस, कोणी येणार आहे का.

९. यानंतर समितीकडून निर्भयता प्रमाणपत्राची मागणी झाली. अर्जदार मानसोपचार विभागात गेली. तेथील डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी सांगितले की भीती असल्यास ते प्रमाणपत्र देऊ शकतात, भीती नसल्याचे देण्याची सोय नाही. तेव्हा आधी अर्जदाराने भीती बाळगावी, ती दप्तरी लागावी, मग उपचार होऊन ती बरी झाल्याचे प्रमाणपत्र मिळेल. मात्र परीक्षा सोमवारी आहे आणि इतक्या थोड्या वेळात भ्यायला अर्जदारास जमेल असे वाटत नाही. बटण लावणाऱ्या आजी आपण होऊन जबाब द्यायला आल्या होत्या. “पोरीचा हात हलत नव्हता, मीच थरथरत होते,” असे त्यांनी सांगितले. तो जबाब फेटाळला गेला. कारण दिले की घटनेच्या वेळी त्या आजारी होत्या.

१०. महोदय, पुढील परिच्छेद आपण स्वतः वाचावा, लिपिकांकडून सारांश घेऊ नये.

समितीने अर्जदारास पालकांसह बोलावले. आईने रजेचा अर्ज केला. तो नामंजूर झाला, आणि त्यावर विभागप्रमुखांच्या सहीने लिहून आले : “मावशींशिवाय वॉर्ड चालणार नाही.” म्हणजे अडचणीच्या वेळी विभागप्रमुखही अर्जदाराच्या आईचाच धावा करतात. फरक इतकाच की त्यांनी केला तर ती प्रशासकीय निकड होते. शेवटी आई जेवणाच्या सुटीत, जेवण सोडून, ड्युटीच्या साडीतच समितीच्या खोलीपाशी आली. अर्जदार व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसली होती. दारावरच्या शिपायाने आईला पाहून सुटकेचा निःश्वास सोडला आणि म्हटले, “मावशी, देवासारख्या आलात! आत चहा सांडलाय.” त्याने दार उघडले आणि आई आत गेली. अर्जदारास त्याचे शब्द ऐकू आले नाहीत. तिला वाटले, चला, पालकांना आधी बोलावले. ती बाहेर कोट नीट करीत बसली आणि आत आई काय काय सांगत असेल, याचा विचार करीत राहिली.

११. आत आई टेबल पुसत होती. मग टेबलाखालची फरशी. महोदय, त्या वेळी आपण स्वतः बैठकीत पाच मिनिटे डोकावला होता. आपल्याला आठवत असेल, एका बाईने “साहेब, जरा पाय वर घेता का?” असे विचारले. आपण घेतलेत. वर “थँक्यू मावशी” असेही म्हणालात, कारण आपण सज्जन आहात. त्या पालक होत्या.

१२. आई ओला फडका घेऊन बाहेर आली आणि अर्जदाराकडे न बघता वॉर्डाकडे गेली. मग अर्जदारास आत बोलावले. तोवर आपण निघून गेला होता. अध्यक्ष म्हणाले की पालक आलेच नाहीत, अशा घरांतून शिक्षणाबद्दल आस्था नसते, यात तुझा दोष नाही बाळ. अर्जदाराने सांगितले की आई येऊन गेली, आत्ताच टेबल पुसून गेली. समितीने टेबलाकडे पाहिले. टेबल स्वच्छ होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, येथे तर कळसा पाय वर घ्या म्हणत होता. इतिवृत्तात नोंद झाली : “पालक अनुपस्थित. विद्यार्थिनी पालकांबाबत विसंगत विधाने करते.”

१३. संध्याकाळी अर्जदाराने आईला विचारले की बोलली का नाहीस. खरे तर विचारले नाही, ओरडली. आई म्हणाली, “अगं, सगळी मोठी माणसं पाय वर करून बसलेली. अशात काय सांगायचं, मी हिची आई म्हणून? म्हटलं आधी पुसून घेऊ. पुसून झालं, तोंड उघडणार तर ते म्हणाले, मावशी, जाताना दार लावून घ्या. लावलं.” एवढे बोलून ती भाकरी थापायला बसली. अर्जदार त्या दिवशी रडली. पण समितीच्या माहितीसाठी सांगणे जरूर आहे की तेव्हाही ती घाबरलेली नव्हती. तिला राग आला होता. अजून आहे. रागाचे प्रमाणपत्र कोणत्या विभागातून मिळते ते कळवल्यास तेही जोडता येईल.

१४. आईच्या सेवापुस्तकाची प्रत आणि अर्जदाराचा जन्मदाखला जोडून अर्जदाराने नाते सिद्ध केले. वाटले होते, आता तरी गाडे रुळावर येईल. आपल्या कार्यालयाचे उत्तर आले : “सदर कर्मचारी ही विद्यार्थिनीची आईच असल्याचे सिद्ध झाल्याने, विद्यार्थिनीने आईचा धावा केला ही बाब अधिकच दृढ होते.” हात दाखवून अवलक्षण ते हेच. शिवाय एकाच वॉर्डात मायलेकी असल्याने हितसंबंधांचा प्रश्न निर्माण होतो, सबब आईची बदली शवागारात करावी, असा प्रस्ताव निघाला. तेथे ‘मावशी’ म्हणणारेही कोणी नाही. बदली टाळायची असल्यास अर्जदाराने लिहून द्यावे की वॉर्डात सदर कर्मचाऱ्यास ती केवळ पदनामाने संबोधील. पदनाम ‘कक्ष परिचर (स्त्री)’ असे आहे. अर्जदाराने घरी सराव करून पाहिला. “कक्ष परिचर, मीठ कुठे आहे?” असे विचारले. उत्तर आले, “कक्ष परिचरची ड्युटी संपली. आई असती तर दिलं असतं.”

१५. हे सगळे आईला सविस्तर सांगावेच लागले. शेरा काय, धावा काय, परीक्षा बुडते म्हणजे काय. तिने सगळे ऐकून घेतले. नंतर बराच वेळ ती अर्जदाराचा कोट घेऊन बसली. त्याला इस्त्री आधीच झालेली होती. मग म्हणाली, “माझंच चुकलं. बादली लपवायला गेले आणि तूच लपलीस. आता वॉर्डात आईच म्हण. आणि हळू नको म्हणूस, त्या साहेबांना कमी ऐकू येतं.” एवढा एक हुकूम अर्जदारास आजवर कोणत्याही कार्यालयाकडून मिळालेल्या सर्व आदेशांपेक्षा स्पष्ट वाटला.

१६. सबब विनंती की, शेऱ्यातील ‘घाबरून आईचा धावा केला’ हे शब्द काढून त्या जागी ‘मदतीस बोलावले, मदत आली, रुग्ण वाचला’ असे लिहावे. आईच्या बदलीचा प्रस्ताव रद्द करावा. सोमवारी अर्जदारास परीक्षेस बसू द्यावे. नापास व्हायचे असेल तर यकृताची कारणे न आल्यामुळे व्हावे, आई असल्यामुळे नव्हे. पदनामाचे हमीपत्र अर्जदार देणार नाही. परीक्षा त्याच स्त्री वॉर्डात आहे आणि आई त्या दिवशी सकाळच्या पाळीत आहे. परीक्षेच्या मध्येच एखाद्या खाटेवर पुन्हा तशी वेळ आली, तर अर्जदार रुग्णाला कुशीवर वळवील, डोके धरील आणि पुन्हा तीच हाक मारील. आई धावत येईल. परीक्षकांनी त्यापुढे काय लिहायचे ते लिहावे, फक्त दोन्ही शब्द ऐकून लिहावे.

कळावे. लोभ आजवर फार झाला, आता न्याय असावा.

आपली नम्र
(आणि वॉर्डाच्या नात्याने आपली मावसबहीण),

सही/-
अर्जदार
अंतिम वर्ष

दिनांक : परीक्षेआधीचा शुक्रवार

सोबत :
१) विभागप्रमुखांच्या शेऱ्याची प्रत.
२) “मावशींशिवाय वॉर्ड चालणार नाही” या त्यांच्याच हस्ताक्षरातील मजकुराची प्रत.
३) जन्मदाखला, पुन्हा एकदा.
४) पालक, समक्ष. हा अर्ज घेऊन त्याच आल्या आहेत आणि आपल्या दाराशी उभ्या आहेत. कृपया त्यांना खुर्ची द्यावी. आत काही सांडले असल्यास ते आज तसेच राहू द्यावे.